सापाची वाट ओळखणारे इरुळर

प्रस्तावना

मुंबईहून चेन्नईला जाणारी गाडी सोलापूर, गुंतकल, रेणिगुंटा ही स्थानके मागे टाकून अरक्कोणमला पोहोचते. तेथून पुढचा सुमारे सत्तर किलोमीटरचा प्रवास तिरुवळ्ळूर, आवडी आणि अंबत्तूर या स्थानकांवरून होतो. अंबत्तूर आले, की प्रवासी सामान आवरायला लागतात. १९६४ साली येथे लघुउद्योगांसाठी औद्योगिक वसाहत उभी राहिली आणि कामाच्या शोधात देशाच्या अनेक भागांतून माणसे येथे आली. २०११ साली अंबत्तूर चेन्नई महानगरपालिकेत सामील झाले. गावाचे जुने रूप आता तलावांच्या नावांतच अधिक उरले आहे. तमिळमध्ये तलावाला ‘एरी’ म्हणतात. अंबत्तूर एरी, कोरट्टूर एरी आणि उत्तरेकडचा पुळलचा विस्तीर्ण जलाशय यांच्या परिसरात एके काळी भातशेती पसरलेली होती. भाताच्या शेतात उंदीर येत. उंदरांच्या मागे साप येत. आणि सापांच्या मागावर खांद्याला पिशवी अडकवलेला, हातात आखूड पहार घेतलेला एक माणूस येत असे. तो इरुळर.

प्रस्तुत पाठात आपण या इरुळर समाजाचा परिचय करून घेणार आहोत. आपल्यापैकी अनेकांचे शिक्षण या ना त्या कारणाने मध्येच सुटले आणि आता ते पुन्हा सुरू झाले आहे. शाळेबाहेर शिकलेल्या गोष्टींची किंमत कोण ठरवते, हा प्रश्न आपल्या मनात कधी ना कधी आला असेल. या समाजाच्या इतिहासात तोच प्रश्न वेगवेगळ्या रूपांत समोर येतो.

नाव आणि माणसे

तमिळ भाषेत ‘इरुळ’ म्हणजे अंधार. हे नाव त्यांच्या वर्णावरून पडले असे काही जण म्हणतात, तर घनदाट जंगलाच्या अंधारात वावरणारे म्हणून पडले असे इतर सांगतात. एवढे मात्र खरे, की हे नाव त्यांच्याकडे बाहेरून पाहणाऱ्याने ठेवले असावे असे वाटते. स्वतःच्या घराला कोणी अंधार म्हणत नाही. एडगर थर्स्टन यांनी के. रंगाचारी यांच्या साहाय्याने १९०९ साली दक्षिण भारतातील जाती-जमातींवर सात खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात इरुळरांची नोंद आहे. काही भागांत त्यांना ‘विल्लियर’, म्हणजे धनुर्धारी, असेही म्हणत.

इरुळर दोन ठिकाणी आढळतात. निलगिरीच्या उतारांवर आणि केरळमधील अट्टप्पाडीच्या डोंगरांत राहणाऱ्या इरुळरांची स्वतंत्र बोली आहे. ती तमिळला जवळची असली, तरी तमिळ नव्हे. दुसरा गट तिरुवळ्ळूर, कांचीपुरम, चेंगलपट्टू, विळुप्पुरम या सपाट प्रदेशातील जिल्ह्यांत राहतो व प्रामुख्याने तमिळ बोलतो. अंबत्तूर तालुका २०१८ पर्यंत तिरुवळ्ळूर जिल्ह्यातच होता. २०११ च्या जनगणनेनुसार तमिळनाडूत सुमारे १ लाख ९० हजार इरुळर होते. शासनाने त्यांची गणना विशेष असुरक्षित आदिम जमातींत केली आहे. महाराष्ट्रात कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या जमाती याच वर्गात मोडतात.

जंगल बंद झाले

सपाटीवरच्या इरुळरांचे जंगल म्हणजे उंच वृक्षांचे अरण्य नव्हे. काटेरी झुडपे, वारुळे, तलावांचे बांध आणि पडीक माळ हेच त्यांचे रान. मध, मेण, कंद, औषधी मुळ्या आणि जळाऊ लाकूड ते गोळा करीत. भाताची कापणी झाल्यावर शेतातील उंदरांची बिळे खणत. बिळाच्या तोंडाशी मडक्यात गवत पेटवून धूर आत फुंकायचा, गुदमरलेला उंदीर धरायचा आणि त्याने साठवलेले भातही बाहेर काढायचे, अशी त्यांची रीत होती. शेतकऱ्याचे नुकसान टळे आणि इरुळर कुटुंबाला मांस व धान्य दोन्ही मिळे. या कामाकडे तुच्छतेने पाहणाऱ्यांनी एवढे लक्षात घ्यावे, की यात शेतात विष टाकावे लागत नाही.

१८८२ साली मद्रास वन अधिनियम लागू झाला. जंगलाच्या मोठमोठ्या पट्ट्यांभोवती राखीव म्हणून सीमा आखल्या गेल्या. काल जे गोळा करणे म्हणजे पोट भरणे होते, ते आता परवानगीशिवाय केल्यास गुन्हा ठरू लागले. मुंबई इलाख्यातही १८७८ च्या वन अधिनियमाने हेच घडवले. खैराच्या लाकडापासून कात काढणारे म्हणून ज्यांना कातकरी म्हणतात, त्यांचे खैर राखीव जंगलात गेले आणि पुढच्या पिढ्या कोळसाभट्टीवर व वीटभट्टीवर गेल्या. रायगड किंवा पालघर जिल्ह्यातील विद्यार्थ्यांना हे वेगळे सांगायला नको. इरुळर आणि कातकरी यांच्या भाषा एकमेकांना कळणार नाहीत, परंतु आजोबांच्या आठवणी बहुधा सारख्याच निघतील.

कातडीचा बाजार

जंगल गेल्यावर इरुळरांच्या हाती एक विद्या उरली. ती म्हणजे साप शोधण्याची. विसाव्या शतकात सापाच्या कातडीला परदेशांत मोठी मागणी आली. पर्स, पट्टे आणि पादत्राणे यांसाठी ती कातडी जात असे. मद्रास हे तर चामड्याच्या व्यापाराचे जुने केंद्र. इरुळर साप मारून कातडी आणून देत व व्यापारी ती निर्यात करीत. शिकाऱ्याला प्रत्येक कातडीमागे अगदी थोडे पैसे मिळत. हा धंदा चांगला होता असे कोणी म्हणणार नाही. लाखो साप त्यात मारले गेले. परंतु त्यातला नफा कोणाकडे गेला आणि पुढे शिक्षा कोणाच्या वाट्याला आली, हे पाहणे आवश्यक आहे.

१९७२ साली वन्यजीव संरक्षण अधिनियम संमत झाला आणि १९७६ मध्ये सापाच्या कातडीच्या निर्यातीवर बंदी आली. कायदा योग्यच होता. व्यापाऱ्यांना दुसऱ्या चामड्याकडे वळता आले, पण इरुळरांना वळायला काही नव्हते. पुन्हा एकदा त्यांचे पोटापाण्याचे काम गुन्हा ठरले. या वेळी फरक एवढाच, की काही लोकांनी वेळीच त्यांच्याशी बोलून मार्ग शोधला.

पाठगत प्रश्न
१. इरुळर भाताच्या शेतातील उंदीर कसे पकडत?
२. १८८२ आणि १९७२ या दोन कायद्यांचा इरुळरांच्या जीवनावर कोणता परिणाम झाला?

वडनेम्मेलीची सहकारी संस्था

रोम्युलस व्हिटेकर यांचा जन्म १९४३ साली न्यूयॉर्कला झाला, पण बालपणी ते मुंबईला आले व भारतातच रमले. त्यांनी १९६९ साली मद्रासजवळ सर्पोद्यान सुरू केले आणि १९७६ साली वडनेम्मेली येथे मगरींच्या संवर्धनाचे केंद्र स्थापन केले. सापांचा अभ्यास करताना त्यांची इरुळरांशी गाठ पडली आणि हे लोक आपले गुरू आहेत हे त्यांनी मोकळेपणाने मान्य केले. साप मारून विकण्याऐवजी जिवंत धरून त्याचे विष काढायचे आणि नंतर त्याला सोडून द्यायचे, ही कल्पना त्यांच्या सहवासातून आकाराला आली. १९७८ साली ‘इरुळर सर्प पकडणाऱ्यांची औद्योगिक सहकारी संस्था’ वडनेम्मेली येथे स्थापन झाली. अंबत्तूरहून पूर्व किनाऱ्याच्या रस्त्याने मामल्लपुरमला जाताना हे गाव लागते.

येथील काम पाहण्यासारखे असते. सभासद वनखात्याच्या परवान्यात ठरलेल्या संख्येएवढेच साप धरून आणतात. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चारच प्रकार. प्रत्येक साप मातीच्या मडक्यात ठेवून वर कापड बांधतात. साधारण तीन आठवड्यांत आठवड्याच्या अंतराने चार वेळा विष काढले जाते. सापाचे डोके धरून त्याचे दात एका काचपात्रावर ताणलेल्या पातळ पडद्यात रुतवतात आणि पात्रात पिवळसर थेंब गोळा होतात. त्यानंतर सापाच्या पोटावरील खवल्यांवर लहानशी खूण करून त्याला जंगलात सोडतात. खूण यासाठी, की तोच साप पुन्हा लवकर धरला जाऊ नये. या संस्थेचे सुमारे साडेतीनशे सभासद असून त्यांत स्त्रियाही आहेत.

या थेंबांचे पुढे काय होते? विष वाळवून त्याची भुकटी करतात. ती प्रतिविष तयार करणाऱ्या संस्थांकडे जाते. घोड्याला विषाची अतिशय अल्प मात्रा टोचून ती हळूहळू वाढवत नेतात. घोड्याच्या रक्तात विषाचा प्रतिकार करणारी द्रव्ये तयार होतात आणि त्या रक्तद्रवापासून प्रतिविष मिळते. खेड्यात आपण ज्याला ‘सापाचे इंजेक्शन’ म्हणतो ते हेच. वर सांगितलेल्या चारही सापांवर ते एकत्रितपणे चालते. मुंबईच्या हाफकिन संस्थेचे नाव या कामात जुने आहे आणि महाडसारख्या गावी राहून विंचूदंश व सर्पदंश यांवर संशोधन करणारे डॉ. हिंमतराव बावस्कर यांचे कार्य आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. देशातील प्रतिविषासाठी लागणाऱ्या विषाचा फार मोठा हिस्सा अनेक वर्षे एकट्या वडनेम्मेलीहून येत राहिला. म्हणजे कोकणात कातळावर फुरसे चावलेल्या माणसाचा जीव वाचला असेल, तर त्यात बहुधा एखाद्या इरुळराचा हात आहे. त्या दोघांनी एकमेकांना पाहिलेले नसते एवढेच.

हे काम किती मोठे आहे ते एका आकड्यावरून कळेल. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली. म्हणजे दरवर्षी सरासरी ५८ हजार. यांत बहुतेक जण खेड्यात राहणारे आणि शेतात राबणारे होते. २०१७ साली जागतिक आरोग्य संघटनेने सर्पदंशाचा समावेश दुर्लक्षित आजारांच्या यादीत केला. अर्थात एकाच प्रदेशातील सापांच्या विषावर सारा देश अवलंबून असावा, हेही योग्य नाही. एकाच जातीच्या सापाच्या विषात प्रदेशानुसार फरक पडतो, त्यामुळे तमिळनाडूतील विषापासून केलेले औषध दूरच्या प्रांतात कमी पडू शकते, असे बंगळूरूच्या शास्त्रज्ञांच्या संशोधनातून पुढे आले आहे. यात दोष इरुळरांचा नाही. इतर प्रांतांत अशा संस्था उभ्या राहिल्या नाहीत.

वडिवेल गोपाल आणि मासी सदैयन

संस्थेच्या सभासदांपैकी दोन नावे आता देशाला माहीत झाली आहेत. वडिवेल गोपाल आणि मासी सदैयन यांना औपचारिक शालेय शिक्षण मिळाले नाही. त्यांची शाळा वाडवडिलांच्या मागून रानात चालण्याची होती. वाळूवर उमटलेली पुसट रेघ, बिळाच्या तोंडाशी गुळगुळीत झालेली माती, काटेरी झुडपात अडकलेली कात, वाळलेली विष्ठा यांवरून बिळात साप आहे की नाही, असल्यास कोणता आणि केवढा, हे इरुळर सांगतात. बिळ रिकामे असेल तर पहार मारण्यात ते वेळ घालवीत नाहीत. वाचणे म्हणजे केवळ अक्षरे वाचणे नव्हे, असे या लोकांकडे पाहून म्हणावेसे वाटते.

२०१७ च्या जानेवारीत अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याने या दोघांना बोलावून घेतले. लोकांनी हौसेने पाळून नंतर सोडून दिलेले ब्रह्मदेशी अजगर तेथील दलदलीच्या प्रदेशात बेसुमार वाढले होते आणि ससे, रॅकून, हरणे फस्त करीत होते. अजगर हा तेथील प्राणी नसल्याने त्याला आवर घालणारे कोणी नव्हते. २०१६ साली तेथे अजगर पकडण्याची महिनाभराची स्पर्धा झाली. हजारावर लोकांनी मिळून १०६ अजगर पकडले. वडिवेल आणि मासी दुभाष्यांसह गेले. त्यांनी पहिल्या दोन आठवड्यांच्या आतच १३ अजगर पकडले. त्यांतील चार एका जुन्या क्षेपणास्त्र-तळाच्या आवारात सापडले, तर एक मादी सोळा फूट लांबीची होती. हातात तीच आखूड पहार. तेथील लोक रस्त्याकडेने गाडीतून शोध घेत. हे दोघे मात्र गवतात उतरले. अजगर सापडला की ते त्याच्या शेजारी बसून आधी देवीची प्रार्थना करीत आणि मग हात घालीत.

२०२३ साली या दोघांना पद्मश्री किताब जाहीर झाला.

अमेरिकेचा उल्लेख आला म्हणून तेथील एका समाजाची आठवण येथे देणे अप्रस्तुत होणार नाही. मिसिसिपी नदीच्या वरच्या खोऱ्यात सॉक आणि फॉक्स नावाचे दोन मूलनिवासी समाज राहत. ‘फॉक्स’ म्हणजे कोल्हा हे नाव परक्यांनी दिलेले. ते स्वतःला मेस्क्वाकी, म्हणजे लाल मातीची माणसे, म्हणवतात. १८०४ साली त्यांच्यातील मोजक्या माणसांकडून एका करारावर खुणा करवून घेऊन सरकारने त्यांची अफाट जमीन आपली ठरवली. समाजाच्या सभेने त्या माणसांना तसा अधिकार दिलेला नव्हता. ब्लॅक हॉक नावाच्या वृद्ध योद्ध्याने हा करार कधीच मानला नाही. १८३२ साली तो आपल्या बायकामुलांसह नदी ओलांडून जुन्या गावाकडे परतला आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्याच्या लोकांचा संहार होऊन युद्ध संपले. पुढच्या वर्षी त्याने दुभाष्याकरवी आपले चरित्र सांगितले व ते छापले गेले. लढाई हरलेल्या माणसाची बाजू त्यामुळे टिकली. मेस्क्वाकींनी नंतर जे केले ते आणखी विलक्षण आहे. १८५७ साली त्यांनी आयोवा राज्यात स्वतःचे पैसे मोजून ८० एकर जमीन विकत घेतली. जी भूमी एके काळी त्यांचीच होती, तिच्यात परतण्याचा तोच मार्ग उरला होता. दुसऱ्या महायुद्धात मात्र याच समाजातील आठ तरुणांच्या भाषेचा उपयोग सैन्याने गुप्त संदेशांसाठी करून घेतला. त्याच सॉक आणि फॉक्स लोकांतील जिम थॉर्प याने १९१२ च्या ऑलिंपिकमध्ये दोन सुवर्णपदके मिळवली. किरकोळ कारणावरून ती १९१३ मध्ये काढून घेण्यात आली. १९८२ मध्ये निर्णय बदलला आणि एकमेव विजेता म्हणून त्याचे नाव तर २०२२ मध्ये नोंदले गेले. तोपर्यंत त्याला जाऊन सत्तर वर्षे होत आली होती.

नंजियम्मा

डोंगरातल्या इरुळरांतून आलेले एक नाव येथे सांगायलाच हवे. अट्टप्पाडीच्या नंजियम्मा गुरे राखत आणि इरुळर बोलीतील गाणी गात. एका मल्याळम चित्रपटासाठी त्यांनी आपल्या बोलीत गाणे रचले व गायिले आणि २०२२ साली त्यांना सर्वोत्कृष्ट पार्श्वगायिकेचा राष्ट्रीय पुरस्कार जाहीर झाला. त्यांना संगीताचे शास्त्रीय शिक्षण नाही, म्हणून हा सन्मान योग्य नव्हे, असा आक्षेप काहींनी घेतला. पुष्कळ संगीतकार नंजियम्मांच्या बाजूने उभे राहिले. पुरस्कार त्यांनी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते स्वीकारला. मुर्मू या संथाळ समाजातून आलेल्या पहिल्या राष्ट्रपती.

पुरस्काराच्या पलीकडे

इतके वाचून सारे सुरळीत झाले असा समज होऊ शकेल. तो खरा नव्हे. सहकारी संस्थेचे सभासद साडेतीनशे आणि समाज दोन लाखांच्या घरात. उरलेल्यांपैकी बहुतेक जण मजुरी करतात. पुळल-रेड हिल्स भागातील भातगिरण्या, वीटभट्ट्या आणि लाकूडतोडीची ठिकाणे येथून गेल्या काही दशकांत अनेक इरुळर कुटुंबांची वेठबिगारीतून सुटका करावी लागली. हे ठिकाण अंबत्तूरपासून फार दूर नाही. वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६ चा, म्हणजे कातडीच्या बंदीच्याच वर्षाचा. एकाच वर्षीच्या या दोन निर्णयांपैकी इरुळरांच्या विरुद्ध जाणारा ताबडतोब अमलात आला. ‘उचल’ हा शब्द मराठी वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही. मुलाच्या आजारपणासाठी किंवा लग्नासाठी मालकाकडून घेतलेली उचल फिटत नाही आणि फिटेपर्यंत कुटुंबाला गिरणीच्या आवाराबाहेर जाता येत नाही, असा तो व्यवहार असतो.

सुटका झाल्यावर पुढची अडचण कागदाची. जातीचा दाखला मिळवण्यासाठी पूर्वजांची कागदपत्रे मागितली जातात. ज्यांच्या नावावर कधी जमीनच नव्हती, त्यांच्याकडे जुना सात-बारा किंवा तसला दुसरा कागद कोठून येणार? दाखला नाही म्हणून शिष्यवृत्ती नाही, घरकुल नाही. १९९३ साली पोलीस कोठडीत झालेल्या एका मृत्यूच्या प्रकरणावर आधारलेला ‘जय भीम’ हा तमिळ चित्रपट २०२१ साली आला. प्रत्यक्ष प्रकरणातील माणूस कुरवर समाजाचा होता. चित्रपटात तो इरुळर दाखवला आहे. तरी चोरी झाली की आधी संशय कोणावर घ्यायचा, हे ज्या वस्त्यांबाबत ठरून गेलेले असते, अशा वस्त्यांतील जीवन त्यामुळे घरोघरी पोहोचले. त्याच वर्षी तमिळनाडू शासनाने मामल्लपुरमजवळच्या पूंजेरी येथे इरुळर व नरिकुरवर कुटुंबांना घरजागेचे पट्टे आणि जातीचे दाखले वाटले.

मामल्लपुरमलाच दरवर्षी माशी महिन्याच्या पौर्णिमेला, म्हणजे फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास, गावोगावचे इरुळर समुद्रकिनारी जमतात. कन्नियम्मा ही त्यांची देवी. तीच वडिवेल आणि मासी यांनी फ्लोरिडाच्या गवतात आठवलेली. रात्रभर किनाऱ्यावर साड्यांचे व ताडपत्रीचे आडोसे उभे असतात. पहाटे ओल्या वाळूत पायऱ्या रचून देवीची पूजा होते. नवस फेडले जातात, मुलांचे जावळ काढतात आणि लाटांच्या काठाशी लग्ने लागतात. ऊन चढू लागले की आडोसे सोडून गाठोडी बांधली जातात आणि लोक बसथांब्याकडे निघतात. वाळूच्या पायऱ्या भरतीच्या पाण्यात विरघळतात.

शब्दार्थ

पहार – जमीन खणण्याची लोखंडी सळई. प्रतिविष – विषाचा परिणाम रोखणारे औषध. वेठबिगारी – कर्ज फेडण्यासाठी सक्तीने करावी लागणारी मजुरी. जावळ – बालकाचे जन्मापासूनचे केस.

स्वाध्याय

१. साप सोडण्यापूर्वी त्याच्या पोटावर खूण का करतात?
२. ‘वाचणे म्हणजे केवळ अक्षरे वाचणे नव्हे’ हे विधान पाठातील उदाहरणांच्या आधारे स्पष्ट करा.
३. इरुळर आणि मेस्क्वाकी यांच्या इतिहासातील एक साम्य व एक फरक लिहा.
४. आपल्या गावातील किंवा वस्तीतील एखाद्या जाणत्या व्यक्तीला भेटा. शाळेत न शिकता तिला अवगत झालेल्या कामाची माहिती पंधरा ओळींत लिहा. त्या कामाचे शब्द ती व्यक्ती वापरते तसेच लिहावेत.